उजवीकडची ओढ

ती फटफटी नाथाजीच्या दारात आली ती बैलगाडीत आडवी होऊन. पुढं हंबीरराव बसला होता. त्यानं उतरून कासरा लिंबाला बांधला आणि मागं न बघताच म्हणाला, "हवालदार, हिला उतरून घ्या. मोडा, जाळा, काय बी करा. फकस्त आमच्या वाटंवर दिसू देऊ नगा."

नाथाजीनं ती ओळखली. त्या दिवसांत इस्लामपुरात कुणीही ओळखली असती. साडेतीनशे सीसीची, निळ्या रंगाची जुनी फटफटी. निंबवाडीच्या लालासाहेबांचा एकुलता एक पोरगा सयाजी हिच्यावरच गेला होता. गोष्ट पौषातली. सयाजी कारखान्यावर कामाला होता. दिवस मावळता मावळता घरी परतत असताना पेठच्या रस्त्यावर उसानं भरलेल्या बैलगाडीला तो समोरून धडकला आणि जाग्यावरच संपला. गाडीवान होता बिराप्पा धनगर. गाडी चुकीच्या बाजूला होती, गाडीवान पेंगत होता, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पोलिसांनी पंचनामा करून फटफटी घरच्यांना परत दिली आणि बिराप्पावर खटला भरला. तो जामिनावर सुटला, पण त्याचा एक बैल त्या धडकेत पाय मोडून मेला आणि दुसरा त्यानं विकून टाकला.

हंबीरराव सयाजीचा मामा, विट्याचा. भाचा गेल्यापासून बहिणीच्या दुःखात येऊन राहिला होता. फटफटी उतरवून घेईस्तोवर तो लिंबाकडं तोंड करून उभा राहिला आणि मग बैल हाकून निघून गेला.

नाथाजीची बायको राहीबाई पदरात हात गुंडाळून दारात उभी होती. "आवं, मेलेल्या पोराची गाडी कशाला दारात घेतली?"

"पलटणीत मी दुसरं काय केलं? मेलेल्यांच्या गाड्याच तर दुरुस्त केल्या."

नाथाजी फौजेच्या वर्कशॉपमध्ये हवालदार म्हणून राबून आला होता. एसटी स्टँडच्या मागं त्यानं गॅरेज घातलं होतं. विहिरींवरची इंजिनं बिघडली की शेतकरी त्याला बोलवायचे, आणि दर वेळी कुणाच्या तरी सायकलीवर मागं बसून जायचा त्याला कंटाळा आला होता. त्याला स्वतःचं वाहन हवं होतं. शुभ-अशुभ तो मानत नव्हता. लोखंड ते लोखंड.

महिनाभर तो सवडीनं तिच्यावर खपला. पुढचं चाक चेपून पापडासारखं झालं होतं, ते टाकलं. चाक धरणारा चिमटा वाकला होता, तोही टाकला. कोल्हापूरच्या भंगारातून तशाच गाडीचा धड चिमटा आणला, चाक आणलं, हँडल आणलं. इंजिनाला फारसं काही झालंच नव्हतं. वैशाख लागायच्या सुमारास फटफटी सुरू झाली आणि नाथाजी तिला घेऊन पेठच्या रस्त्याला लागला.

गाव मागं पडलं, वेग आला, आणि त्याच्या हातांना काहीतरी कळलं. गाडी उजवीकडं ओढत होती. झटका नव्हता, हिसका नव्हता. लहान पोरानं सदऱ्याचं टोक धरून हळूच ओढत राहावं, तशी. डाव्या हातानं तो हँडल आपल्याकडं धरून ठेवी, तोवर ती सरळ चाले. हात सैल पडला की रस्त्याच्या मधल्या उंचवट्याकडं सरके.

"येडपटा," तो स्वतःलाच म्हणाला, "कायतरी राहिलंय तुझं."

घरी येऊन त्यानं आधी सोपं सोपं बघितलं. दोन्ही चाकांची हवा बघितली. मागचं चाक चेन ताणताना तिरकं बसलं असेल म्हणून दोन्हीकडचे बोल्ट ढिले करून पुन्हा सारखे आवळले. परत चक्कर मारून आला. ओढ होतीच.

मग हँडलची मान उघडली. मानेतले छर्रे झिजले, त्यांना खळगे पडले, की हँडल एका जागी अडकतं आणि गाडी सरळ धरता येत नाही. छर्रे खरंच खराब होते. नाथाजी खूश झाला. नवे छर्रे भरले, ग्रीस भरलं, हँडल लोण्यासारखं फिरायला लागलं. आता झालं, असं राहीबाईला सांगून तो निघाला आणि मैलभरातच शिव्या देत परत आला.

कोल्हापूरच्या भंगारवाल्यानं फसवलं असणार, असं त्याला वाटलं. त्यानं सगळा चिमटा सोडवला आणि त्याच्या दोन्ही नळ्या आरशाच्या काचेवर ठेवून लोळवून बघितल्या. वाकडी नळी काचेवर उड्या मारते. ह्या गुपचूप लोळल्या. त्यांचा काही दोष नव्हता.

तेव्हा कुठं त्याच्या मनात पाल चुकचुकली.

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथून त्यानं गवंड्याचा ओळंबा मागून आणला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, खाली पाचरी मारून मागचं चाक ओळंब्याला उभं केलं. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळ्या ताणल्या. हँडल सरळ धरून पुढच्या चाकावर ओळंबा सोडला आणि मागं जाऊन उकिडवा बसला.

पुढचं चाक कलतं होतं. मागचं सरळ, आणि पुढचं मान मुरगाळल्यासारखं उजवीकडं झुकलेलं. चाक बदललेलं होतं, चिमटा धड होता, छर्रे नवे होते. म्हणजे वाकली होती ती मानच. गाडीचा सांगाडाच, जिथं हँडल बसतं तिथं, पिळला गेला होता.

"धडकेत पिळला," राहीबाई चहाची कपबशी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला. "माज्या ध्यानात यायला पायजे हुतं. कामातनं गेली."

चहा पिऊन त्यानं पेट्रोलची टाकी उतरवली, मान किती वाकली आहे ते नीट बघावं म्हणून. टाकीखालच्या नळीवर त्याला एक फुगवटा दिसला. जोड होता. कुणीतरी तिथं पितळ ओतून तुटलेली नळी सांधली होती आणि वरून कानस मारली होती. त्यानं बोट फिरवलं आणि बोट तिथंच थांबलं.

जोडावर निळा रंग होता. आणि त्या रंगावरून, जोडावरून सरळ आरपार, धडकेचे ओरखडे गेले होते. धडकेत टाकी मागं सरकली तेव्हा तिची कड घासली होती तिथले. ओरखड्यांत कोवळा, लालसर गंज. नाथाजीनं पटाशीनं जोडाजवळचा रंग खरवडला. निळ्याखाली काळा रंग निघाला, काळ्याखाली जुना, काळपट, कवच धरलेला गंज.

धडक सयाजीच्या वेळची. रंग धडकेच्या आधीचा. जोड रंगाच्याही आधीचा.

म्हणजे ही गाडी सयाजीच्या हातात आली तेव्हाच मोडलेली होती. कुणीतरी आधी कुठंतरी आदळवली, वाकडीच सांधली, निळी रंगवली आणि विकली. ती सयाजीलाही अशीच ओढत असणार. उजवीकडं. समोरून येणाऱ्याच्या अंगावर.

राहीबाईनं त्याचं तोंड बघितलं. "काय झालं वो?"

त्यानं सांगितलं. ती कपबशी उचलत म्हणाली, "आता हे कुनाला सांगू नगा. पोरगं परत येतंय का त्यानं?"

"पोरगं न्हाई येत," नाथाजी म्हणाला. "पर बिराप्पा तुरुंगात जातोय न्हवं."

दुसऱ्या दिवशी तो सायकल मागून निंबवाडीला गेला. धनगरांची वस्ती गावाच्या कडेला होती. बिराप्पा झोपडीच्या सावलीत भिंतीला टेकून बसला होता. त्याचं वय फार नव्हतं, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पडले होते. नाथाजीनं विचारलं तसं तो जमिनीकडं बघत बोलायला लागला. बऱ्याच जणांना बऱ्याचदा सांगून गुळगुळीत झालेलं बोलणं होतं ते.

"झोप लागली आसंल, हवालदार. उसाच्या दिसात गाडीवाल्याला झोप कवा मिळती? बैलांला वाट म्हाईत आसती."

"लागली आसंल म्हंजी? लागली का न्हाई?"

"पोलीस म्हनले लागली. लालासाहेब आबा म्हनले लागली. गाव म्हनलं लागली. येवढी मानसं कशापायी खोटं बोलतील?"

आतून त्याची बायको हरणाबाई बाहेर आली. "ह्ये सुरवातीला आसं म्हनत न्हवतं," ती म्हणाली. "पयल्या दिशी घरला आलं तवा म्हनलं, पोरगं समोरनं येत हुतं, एक हात डोळ्यावर धरला हुता उन्हापायी, आन गाडी आपली सरकत सरकत ह्येंच्याच अंगावर आली. झोपलेल्या मानसाला ह्ये कसं दिसंल?"

"कुठला हात?" नाथाजीनं विचारलं.

बिराप्पानं मान वर केली. कुणी हे विचारलंच नव्हतं. त्यानं थोडा वेळ डोळे मिटले आणि मग आपला डावा हात उचलून कपाळावर धरला.

"आन तुजी गाडी पार पल्याडच्या बाजूला घावली, ती कशी?"

"एक बैल पडला. दुसरा बिथरला. त्यानं वढून न्हेली." मग तो पुन्हा खाली बघायला लागला. "आता मलाच खरं वाटत न्हाई. रोज रातच्याला बघतो तवा मी झोपलेलाच आसतो."

तिथून नाथाजी सरळ लालासाहेबांच्या घरी गेला. निंबवाडीत त्यांना सगळे आबा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढं, पण अंगानं अजून खणखणीत. जवानीत ते फौजेत होते आणि लढाईत बर्मात डाक पोचवायची फटफटी चालवत. चिखलात, अंधारात, गोळीबारात चालवलेल्या फटफटीच्या गोष्टी सगळ्या गावाला तोंडपाठ होत्या. सयाजीला गाडी घ्यायची ठरली तेव्हा ते स्वतः खंडाळ्याला जाऊन एका ठेकेदाराकडून ही निळी घेऊन आले होते. खंबाटकीचा घाट चढून, साताऱ्यावरून, एका दमात निंबवाडीपर्यंत त्यांनी ती चालवत आणली होती.

ते सोप्यात बसले होते. नाथाजीनं सगळं सांगितलं. ओळंबा, जोड, रंगाखालचा गंज. लालासाहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "झालं?"

"व्हय, आबा."

"बिराप्पानं किती वाटलं तुला?"

"आबा..."

"ती गाडी म्या सोता आनली. खंडाळ्यापास्नं. वाकडी आसती तर ह्या हातांला कळलं नसतं?" त्यांनी दोन्ही मनगटं पुढं केली. दोरखंडासारखी मनगटं होती ती. "तू पान्यानं नट फिरवलेस, म्या गाडीवर जीव काढलाय. ऊठ. माज्या पोराच्या खुन्याची वकिली करायला माज्या दारात यायचं न्हाई."

नाथाजी उठला. तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला. बनुबाई, सयाजीची आई, चौकट धरून उभी होती. ती नाथाजीकडं बघत नव्हती.

"त्यो बोलला हुता," ती म्हणाली.

"तू आत जा."

"जेवताना बोलला हुता. आबा, गाडी उजवीकडं वढती, म्हनला. तुमी काय म्हनलासा?"

लालासाहेबांनी पुढं केलेली मनगटं मागं घेतली.

"तुमी म्हनलासा, गाडी वढत न्हाई, तुजं हात बायकी हायती. सगळ्यांच्या म्होरं म्हनलासा. गडी हसलं. त्यानं परत ईषय काढला न्हाई."

ती आत गेली. नाथाजीनं पायात वहाणा सरकवल्या आणि सायकल हातात धरूनच गावाबाहेर आला. बसायचं त्याला सुचलं नाही.

पुढं काही दिवस तसेच गेले. फटफटी गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून पडली. आता काय करावं ते नाथाजीला कळेना. बिराप्पाच्या वकिलाला सांगावं, तर लालासाहेबांनी उभं केलेलं सगळं गाव उलट बोलणार. आणि गाडी त्याच्याच ताब्यात असल्यामुळं, यानंच नंतर वाकवली, असंही म्हणायला कुणी कमी करणार नाही.

एका सकाळी गॅरेज उघडायला तो आला तेव्हा लालासाहेब बाहेरच्या दगडावर बसलेले होते. निंबवाडीहून चालत आले असावेत, पाय धुळीनं भरले होते. दाढी वाढली होती.

"काढ ती," ते म्हणाले.

"आबा, ती चालवायच्या लायकीची न्हाई."

"मला चालवायची हाय. तुला भ्या वाटत आसंल तर माज्या मागं बस."

नाथाजीनं पोतं ओढलं. दोघं पेठच्या रस्त्याला लागले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा होता. लालासाहेबांनी गाडी अशी धरली, की नाथाजीला मागं बसून क्षणभर आपल्याच ओळंब्याची शंका आली. गाडी रुळावरून जावी तशी सरळ चालली होती. वेग वाढला तरी सरळच.

"कुठं वढती?" लालासाहेब वाऱ्यात ओरडले. "सांग, कुठं वढती?"

नाथाजीनं त्यांच्या खांद्यावरून पुढं वाकून बघितलं. उजवा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता. डाव्या हाताची मात्र शीर न शीर फुगली होती, कोपर अंगाशी आवळलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते त्यांनाच माहीत नव्हतं. बर्माच्या चिखलात शिकलेला तो हात आपलं आपण काम करत होता. मालकाला न विचारता.

"आबा, तुमचा डावा हात बघा!"

"काय बघू?"

"सैल सोडा. रस्ता मोकळा हाय. डावा हात उचला आन डोळ्यावर धरा. उन्हापायी धरत्यात तसा."

थोडा वेळ काहीच झालं नाही. नाथाजीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग लालासाहेबांनी डावा हात उचलला आणि कपाळाला लावला.

फटफटी उजवीकडं निघाली. एखादं जनावर ओळखीच्या वाटेला वळावं तशी सहज, न अडखळता. रस्त्याचा मधला उंचवटा ओलांडला आणि पलीकडच्या उतारावर तर ती जास्तच वेगानं सरकली. "आबा! धरा!" नाथाजी ओरडला. लालासाहेबांनी हात खाली आणला, पण उशिरा. चाक मुरमात उतरलं, गाडी भेलकांडली, आणि ब्रेकनं फरपटत रस्त्याच्या पार पलीकडच्या बाजूला उभी राहिली. समोर बैलगाडी असती तर बैलांच्या शिंगांवरच.

लालासाहेब खाली उतरले नाहीत. पाय टेकून हँडल धरून तसेच बसले. इंजिन बंद पडलं होतं. त्यांचा श्वास पाठीमागं बसलेल्या नाथाजीला ऐकू येत होता.

"ह्ये बघायला किती येळ लागला आसता?" त्यांनी विचारलं.

नाथाजी मागून उतरून चाक बघायला लागला.

"नाथाजी, इचारतोय मी."

"सुतळी आन वळंबा घेऊन बसलं तर च्या निवायच्या आत कळतं, आबा."

"म्या तपासलीच न्हाई," ते म्हणाले. "म्या नुसती चालवली." मग अगदी हळू, जणू शेजारी कुणी बसलंय आणि त्यालाच सांगायचंय अशा आवाजात, "त्याचं हात बायकी न्हवतं. माजंच हात आंधळं हुतं."

परत जाताना त्यांनी गाडीवर बसायला नकार दिला. दोघांनी मिळून ती ढकलत गॅरेजपर्यंत आणली. नाथाजी हँडल धरून होता, लालासाहेब मागून ढकलत होते. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते.

त्याच आठवड्यात बनुबाई भावाबरोबर विट्याला माहेरी निघून गेली. भांडण असं काही झालं नाही. तिनं फक्त सयाजीचे कपडे एका गाठोड्यात बांधले आणि हंबीररावाबरोबर निघाली.

खटला आषाढात उभा राहिला. फिर्यादीकडून लालासाहेबांची साक्ष होती. इस्लामपूरच्या कोर्टात त्या दिवशी निम्मी निंबवाडी लोटली होती. त्यांनी शपथ घेतली आणि सरकारी वकिलानं पहिला प्रश्न विचारायच्या आत ते न्यायाधीशांकडं वळून बोलायला लागले. गाडी आपण आणली, पोरानं ओढते म्हणून सांगितलं, आपण त्याला चारचौघांत हसलो, नंतर आपण स्वतः चालवून बघितली, ती ओढते. वकिलानं थांबवायचा प्रयत्न केला. ते थांबले नाहीत. पुढं नाथाजीची साक्ष झाली, गाडी कोर्टाच्या आवारात आणून जोड दाखवला, ओरखडे दाखवले. नाथाजी दोनदा उजवं-डावं चुकला आणि वकिलानं त्याची चेष्टाही केली. पण लालासाहेबांच्या साक्षीपुढं कुणाचं काही चाललं नाही. पोराचा बापच सांगत होता.

निकालाच्या दिवशी बिराप्पा सुटला. पिंजऱ्यातून खाली उतरताना त्याला उतरू का नको कळेना. हरणाबाईनं दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. आवारातल्या पिंपळाखाली तो नाथाजीजवळ आला.

"म्हंजी मी झोपलो न्हवतो?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"नक्की?"

"झोपलेल्याला हात दिसत न्हाई, गड्या. डावा हात तूच सांगितलास."

बिराप्पानं मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उतरलं नाही. इतके महिने जे उरावर घेऊन झोपला, ते एका शब्दानं कसं उतरणार?

तेवढ्यात लालासाहेब तिकडं आले. हरणाबाई बिराप्पाच्या पुढं सरकून उभी राहिली. आता हा माणूस काय बोलतो, म्हणून भोवतीचे लोक जवळ सरकले. माफी मागतील असं नाथाजीला वाटलं. त्यांनी मागितली नाही. कदाचित झालं ते माफी मागून भागण्याएवढं लहान त्यांना वाटलं नसेल.

"बिराप्पा," ते म्हणाले, "पोरगं पडल्यावर तू जवळ हुतास न्हवं?"

"व्हय, आबा."

"लगीच गेला?"

बिराप्पानं हरणाबाईकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "न्हाई. लगीच न्हाई."

जाग्यावरच गेला, असंच सगळ्यांना माहीत होतं. पंचनाम्यात तसंच होतं. जो माणूस त्याच्याजवळ होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याला फक्त झोपला होतास का एवढंच विचारलं होतं.

"काय बोलला?"

बिराप्पा सांगायला लागला आणि लालासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "हितं नगं. मला एकट्याला नगं." ते नाथाजीकडं वळले. "तू बी चल. माज्या एकट्यानं सयाजीच्या आयच्या दारात जाववणार न्हाई."

तिघं दुपारच्या एसटीनं विट्याला गेले. हंबीररावाच्या ओट्यावर बनुबाई ज्वारी पाखडत बसली होती. नवरा दिसल्यावर तिनं सूप खाली ठेवलं नाही. बिराप्पा दिसला, तेव्हा ठेवलं.

"सुटला," लालासाहेब अंगणातूनच म्हणाले. "ह्येला कायतरी सांगायचं हाय तुला."

बिराप्पा ओट्याच्या पायरीवर टेकला. हातातलं मुंडासं पिळत पिळत बोलला. "वैनी, म्या त्याचं डोकं मांडीवर घेतलं. भोपळ्यात पानी हुतं ते पाजलं. दोन घोट गेलं. मग म्हनला, आय कुठं हाय? म्या म्हनलं, येतीया, वाटंवर हाय. खोटं बोललो. मग म्हनला, बरं. आन माजं बोट धरून ठेवलं. सुटलं तवा म्या वरडलो. त्येच्या आधी न्हाई वरडलो, भ्येल म्हून."

बनुबाई त्याच्या हाताकडं बघत राहिली. "कुठलं बोट?" तिनं विचारलं.

त्यानं दाखवलं. तिनं ते धरलं नाही, नुसतं बघितलं. मग उठून आत गेली. आत ती बराच वेळ होती. रडण्याचा आवाज आला नाही. हंबीरराव दारात येऊन उभा राहिला आणि परत आत गेला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाकरी आणि कोरड्यासाची वाटी होती. ती तिनं बिराप्पापुढं ठेवली, तांब्या ठेवला आणि नाथाजीला म्हणाली, "तुमी बी बसा, भावजी."

लालासाहेब अंगणात उभेच होते. त्यांना बसा म्हणून कुणी म्हणालं नाही आणि तेही बसले नाहीत. बिराप्पाला घास गिळेना. दोनदा त्यानं अंगणाकडं बघितलं. बनुबाईनं पुन्हा सूप हातात घेतलं होतं.

जेवणं झाली तशी एसटीची वेळ झाली. वेशीपर्यंत आल्यावर लालासाहेब थांबले आणि बिराप्पाला म्हणाले, "तुला बैलजोडी देतो मी."

"नगं, आबा," बिराप्पा म्हणाला. त्यात राग नव्हता. "मी आता गाडी हाकणार न्हाई. मला समोरनं कोन आलेलं बघवत न्हाई."

तो खरंच पुन्हा कधी गाडीवर बसला नाही. पावसाळा सरल्यावर हरणाबाईच्या भावाबरोबर मेंढरं घेऊन तो खाली कर्नाटकाकडं गेला. बनुबाई पुढच्या सुगीला निंबवाडीला परत आली, ते शेत आहे, गुरं आहेत म्हणून. नवऱ्याशी ती कामापुरतं बोले. गावात लालासाहेबांनी बर्माची गोष्ट पुन्हा सांगितल्याचं कुणी ऐकलं नाही.

कोर्टातून सुटल्यावर फटफटी नाथाजीकडंच आली होती. भंगारवाल्यानं दोनदा निरोप पाठवला. मान सरळ करून, रंग मारून गिऱ्हाईक बघतो, म्हणाला. त्यानंतर एका सकाळी नाथाजीनं लोखंड कापायची करवत काढली आणि सांगाडा मधोमध कापला, मग प्रत्येक नळी पुन्हा कापली. लोखंड जुनं आणि कडक होतं. राहीबाई भाकरी घेऊन आली तेव्हाही त्याचं कापणं चालूच होतं. घाम पुसायला तिनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि दुसऱ्या बाजूनं नळी घट्ट धरून बसली.